अकरा छत्र्या

"मले माणसं पाह्यजे," भाऊसाहेब गावंडे म्हणाले. "खरेदी करो का नको करो. माणसं दिसली पाह्यजे."

आम्ही दोघं 'गावंडे ग्रँड सेंट्रल'च्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभे होतो. खाली तळमजल्यावर एकच माणूस दिसत होता आणि तो आमच्याच पगारावर फरशी पुसत होता.

"दिवाळीपर्यंत वाट पाहतो," भाऊसाहेब म्हणाले. "नाही तं तुरीचं गोदाम करून टाकतो. तूर तरी येईल."

"माणसं येतील, भाऊसाहेब. मार्केट समजून घ्यायला थोडा वेळ लागतो."

"समजा मंग. त्याच्यासाठीच तं तुमाले पुण्याहून आणलं."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि पुण्याचा होतो, त्यामुळे मला सगळं कळत होतं. मॉल चालवण्याचा अनुभव मला नव्हता. दुसऱ्यांचे मॉल का चालत नाहीत हे सांगण्याचा मात्र दांडगा होता. अकोल्याला जनरल मॅनेजर म्हणून निघताना मित्रांसमोर मी इतक्या बाता मारल्या होत्या, की तुरीच्या गोदामातून परत जाणं मला शक्यच नव्हतं.

मॉल बांधण्यामागे भाऊसाहेबांचा राग होता. मुलीच्या लग्नाच्या खरेदीला ते नागपूरच्या एका मॉलमध्ये गेले, तिथे गाडी लावायला जागा मिळाली नाही, आणि तो अपमान मनात धरून त्यांनी स्वतःच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या जागेवर मॉल उभा केला. साहजिकच पार्किंग ऐसपैस होतं. तीनशे गाड्यांच्या जागेत सहा स्कूटर आणि एक कुत्रं आरामात राहत. वास्तुविशारदाने इमारतीच्या मधोमध तळापासून वरपर्यंत मोकळी पोकळी सोडली होती आणि वर काचेचं छप्पर घातलं होतं. अकोल्यात, काचेचं छप्पर! मे महिन्यात तळमजल्यावर पापड वाळले असते. त्या पोकळीत आवाज असा घुमायचा, की खाली कुणी शिंकलं तर तिसऱ्या मजल्यावर कळायचं.

बेचाळीस गाळ्यांपैकी सात उघडे होते. सरकता जिना पाहायला पहिल्या महिन्यात सगळं शहर येऊन गेलं होतं. बायकांनी चपला हातात घेतल्या, जिन्याला नमस्कार केला, वर गेल्या, खाली आल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर वीज वाचवायला आम्ही तो बंदच ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर खाण्याचे सहा ठेले होते. पाचांची शटरं खाली होती. सहाव्यावर 'ड्रॅगन चायनीज' अशी पाटी होती आणि आत विमलताई ताथोड पोहे आणि चहा विकायच्या. चायनीजवाला पळून गेल्यावर त्यांनी तो ठेला घेतला, पण पाटी बदलली नाही. "पाटी पाहून कोन येते, साहेब?" त्या म्हणायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेणाऱ्या. मी त्यांच्याकडे पाहून मनातल्या मनात हसायचो. ब्रँडिंग म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं ना!

ऑगस्टमधल्या एका रविवारी बंद जिन्यापाशी एक मुलगी भेटली. तिशीची असेल. कडक इस्त्रीची साडी होती, पण तिला ती सवयीची नसावी. तिचे आईवडील मागून हळूहळू येत होते.

"हा जिना कधी चालू असतो का हो?" तिने विचारलं.

"गर्दी असली की चालू करतो, मॅडम."

"म्हणजे नाहीच." ती हसली. "नका करू. इथे कुणी नसतं."

मला ते फार लागलं. मी मॉलच्या वतीने तिची माफी मागितली आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या वेळी याल तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसेल. शब्द देतो."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. सोप्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहतात तसं. मग वडिलांच्या हाताला धरून ती वर गेली. ती प्रणिता टापरे, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, हे मला नंतर कळलं.

त्या आठवड्यात मी कॅमेऱ्यांचं चित्रण पाहायला बसलो आणि मला शोध लागला. दर रविवारी अकरा ते एक आणि चार ते सहा या वेळात माणसं येत होती! पाच-सहा जणांचे घोळके. बायका भरजरी साड्यांत, पुरुष दाढी करून. काही विकत घेत नसत, कुठे थांबत नसत, सरळ तिसऱ्या मजल्यावर जात. पाऊण तासाने खाली येत ते दोन वेगळ्या घोळक्यांत, दहा मिनिटांच्या अंतराने, दोन वेगळ्या गेटांनी. पितृपक्षात हा आकडा शून्यावर आला, तरी माझी ट्यूब पेटली नाही. शेवटी घटस्थापनेनंतरच्या रविवारी मी वर जाऊन खांबाआड उभा राहिलो.

एका टेबलावर मुलगा, मुलगी आणि दोन्हीकडची माणसं बसली होती. मुलगी मान खाली घालून बशी फिरवत होती आणि मुलगा पगार सांगत होता.

"ताई," मी ती मंडळी गेल्यावर म्हणालो, "हे सगळे मुली पाहायला येतात?"

"मुलं पाहायलेबी येते," विमलताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"तुमी इचारलं नाही जी."

मग मी त्यांचं काम नीट पाहिलं, आणि पाहून मला वाटलं, हिला व्यवस्थापन कुणी शिकवलं असेल? मुलीकडचे आधी येत; त्यांना कोपऱ्यातलं टेबल. मुलाकडच्यांची पाठ जिन्याकडे, म्हणजे त्यांच्याआड बसलेल्यांचे चेहरे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नकोत. एकाच्या ओळखीचे दुसरे असतील तर त्यांना ती वेळ मिळत नसे. तरी आलेच, तर गेटवरचे खंडारे त्यांना चपलांच्या दुकानात बसवून ठेवत. बोलणं रंगलं तर पोहे उशिरा. फिसकटतंय असं दिसलं की पोहे लगेच, म्हणजे खाऊन उठता येतं. शिरा मात्र कुणालाच मिळत नसे.

"शिरा जमल्यावर," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी रवा भाजत नाही मी."

सगळा कारभार भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. रविवारच्या चौकटींत पेन्सिलीने चित्रं काढलेली होती: कुठे पोपट, कुठे आंबा, कुठे कंदील, छत्री, मासोळी. एका घराला एक चित्र. नाव एकही नव्हतं.

"नावं का नाही लिहीत?"

"कायले लिहाचं? मले समजते ना."

मला वाटलं, बाईला लिहिता येत नसेल. पुढच्याच आठवड्यात त्या मोठ्याने पेपर वाचताना दिसल्या, तरी मी माझा समज बदलला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, इतका मी स्वतःवर खूश होतो. सकाळी भाऊसाहेबांसमोर मी योजना मांडली. 'रेशीमबंध रविवार'! अख्ख्या शहरात फलक लावायचे: 'स्थळ पाहायचंय? इथेच जमतं!' तळमजल्यावर मंच, सनई, निवेदक. सरकता जिना फुलांनी सजवून चालू. सगळ्या शहराला आमंत्रण, आणि सोडतीत बक्षिसं.

"आन् माणसं येतील?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तुम्हाला उभं राहायला जागा मिळणार नाही."

"मी मंचावर उभा राहीन," ते म्हणाले. एवढं सोडलं तर त्यांना योजना फारशी कळली नाही, पण ती त्यांना पसंत पडली.

सर्वात मोठं बक्षीस माझ्या डोक्यातून निघालं. मॉलवर सर्वात जास्त जीव असलेल्या कुटुंबाचा जाहीर सत्कार! अशा कुटुंबाला आमच्या धंद्यात फार मान. शंभर नवी माणसं आणण्यापेक्षा एक जुनं टिकवणं महत्त्वाचं, हे मी कितीतरी सभांमध्ये तावातावाने सांगितलं होतं. विमलताई भाजी आणायला गेल्या होत्या तेव्हा मी कॅलेंडर उतरवून घेतलं. त्याच्या खाली मागच्या वर्षाचंही टांगलेलं होतं. दोन्हींवरची चित्रं मोजली. कंदील चार वेळा, पोपट सहा वेळा. आणि छत्री अकरा वेळा! दीड वर्षात अकरा वेळा आमच्या मॉलमध्ये! मी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. मग छत्रीच्या तारखा टिपून कॅलेंडरं परत टांगली, आणि त्या तारखा खंडारेंच्या गेटवहीतल्या गाड्यांच्या नंबरांशी आणि नावांशी ताडून पाहिल्या, तेव्हा एकच स्कूटर आणि एकच नाव निघालं: अ. ना. टापरे, रतनलाल प्लॉट. नाव मी निवेदकाच्या कागदावर लिहून टाकलं. ती बंद जिन्यापाशी भेटलेली मुलगी याच घरची, हेही वहीतल्या त्या रविवारच्या नोंदीवरून कळलं, नावासकट. मला वाटलं, बरं झालं, तिला दिलेला शब्दही पाळला जाईल.

फलक लागले त्या दिवशी विमलताई पहिल्यांदाच माझ्या केबिनमध्ये आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, येत्या रविवारी नका करू. त्याच्या पुढच्या रविवारी वाजवा तुमचा बँड."

"पत्रिका छापून झाल्या, ताई."

"एक घर आहे. त्या दिवशी अकराला येऊन राह्यलं. खामगावचा पोरगा आहे, तिसऱ्यांदा येते. तिसऱ्यांदा, साहेब! आतापर्यंत त्या पोरीसाठी दुसऱ्यांदाबी कोनी आलं नाही. पोरगी सोन्यासारखी आहे. यावेळी जमते."

"मग चांगलंच आहे की! सनईत जमेल."

"तुमाले समजत नाही का हो, साहेब?" त्यांनी खरोखरच, अगदी काळजीने विचारलं.

"काय समजायचंय?"

त्यांनी मान हलवली. "बरं. मंग वरचा भोंगा तरी बंद ठेवा."

तेवढं मी मान्य केलं. तिसऱ्या मजल्यावरचे चारही स्पीकर मी स्वतः उभं राहून बंद करवले, आणि आपण किती उदार आहोत असं मला वाटलं. त्या मोकळ्या पोकळीची मला आठवण झाली नाही.

रविवारी माणसं आली. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, जिथून जमेल तिथून आली. दहा वाजता पार्किंग भरलं. भाऊसाहेब पार्किंगमध्ये जाऊन 'जागा नाही' असं दोघा-तिघांना स्वतः सांगून आले आणि लहान मुलासारखे खुलले. फेटा बांधून ते मंचावर बसले. जिना चालू झाला. फुकटात मिळणारं सरबत संपलं, पुन्हा आलं, पुन्हा संपलं. मी कोट घालून इकडून तिकडे फिरत होतो आणि पुण्याच्या मित्रांना फोटो पाठवत होतो.

साडेअकराला मी वर डोकावलो. कोपऱ्यातल्या टेबलावर प्रणिता होती. मान वर करून ती काहीतरी सांगत होती आणि समोरचा चष्मेवाला मुलगा हसत होता, खरं हसत होता. वडील, टापरे काका, दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. ठेल्यातून रवा भाजल्याचा वास येत होता.

विमलताई कढईत उलथणं फिरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती भुवई उंचावली. त्या घराला आज शिरा मिळणार होता. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी तिथे उभा राहून ते घर पाहिलं, तो वास घेतला, खिशात ज्यांच्या नावाचा कागद होता त्यांनाच पाहिलं, आणि मनात म्हणालो, वा, सत्काराला मंडळी हजरच आहेत. इतका गाढवपणा एका माणसात मावतो यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

मी खाली येऊन निवेदकाला खूण केली.

"आणि आता," निवेदकाने आवाज चढवला, "ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो! स्थळ पाहण्यासाठी ज्यांनी आपल्या मॉलवर सर्वात जास्त विश्वास टाकला! एकदा नाही, दोनदा नाही, दीड वर्षात तब्बल अकरा वेळा! रतनलाल प्लॉटचे श्री. टापरे आणि त्यांची कन्या कुमारी प्रणिता! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मग त्या विरल्या. आधी बायकांच्या टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं आणि शेजारणीने तोंडावर पदर घेतला. "अकरा?" मागून कुणीतरी म्हणालं. "अकरा जणांनी नाई म्हटलं?" कुणीतरी हसलं. तो शब्द त्या पोकळीतून वर गेला, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांच्या माना वर गेल्या.

तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी खामगावची मंडळी उभी होती. कार्यक्रम पाहायला उठून आली असावीत. मुलाच्या मामाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे ओढलं.

आणि सरकत्या जिन्यावरून टापरे काका खाली येत होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी स्टँडवरच्या खोलीतून माइकवर गाड्या पुकारल्या होत्या. माइकवर नाव पुकारलं की जायचं असतं, एवढंच त्या घटकेला त्यांना सुचलं असावं. झेंडूच्या माळा लावलेल्या जिन्यावर दोन्ही हात जोडून ते उभे होते, आणि जिना त्यांना हळूहळू खाली आणत होता. त्या जिन्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

भाऊसाहेबांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला, प्रेशर कुकर दिला. "असंच येत राहा," ते म्हणाले. फोटो निघाला. टापरे काकांनी फोटोसाठी हसायचा प्रयत्न केला.

प्रणिता पायऱ्यांवरून उतरून आली. गर्दीने तिला वाट करून दिली. रडत नव्हती. तिने वडिलांच्या हातातून कुकर घेतला, सरळ माझ्यापाशी आली आणि तो माझ्या हातात दिला.

"तुमचा आकडा चुकलाय," ती म्हणाली. आवाज अगदी वर्गातला होता. "आजचं धरून बारा. ते मागच्या गेटने गेले."

मी कुकर खाली ठेवायला जागा शोधू लागलो. "मॅडम, मला..." मी सुरुवात केली.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "इथे कुणी नसतं, म्हणून येतो आम्ही. घरी पाहायला आले की शेजार मोजतो. देवळात गेलं की नातेवाईक मोजतात. इथे कुणी मोजत नव्हतं."

तिने वडिलांच्या खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि त्यांना घेऊन ती गेली. तेव्हा कुठे मला समजलं, आणि लाजेने मला तिथे उभं राहवेना. विमलताई नावं का लिहीत नाहीत, दोन गेटं कशासाठी, पाठ जिन्याकडे का, सगळं समजलं. या शहरात एकच रिकामी जागा होती, जिथे मुलीला नकार मिळाला तर तो तिथल्या तिथे विरून जायचा. भाऊसाहेबांच्या मूर्खपणाने ती जागा तयार झाली होती. मी शहाणपणाने ती भरली.

संध्याकाळी वर गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर शिऱ्याच्या सात बशा तशाच होत्या, थिजलेल्या. विमलताई त्या आवरत नव्हत्या. भिंतीवरची दोन्ही कॅलेंडरं गेली होती, खिळा उरला होता.

"कॅलेंडर मी मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं," मी म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक.

"नसतंच दिलं," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी एकही घोळका आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरबताची गर्दी तर सरबताबरोबरच ओसरली होती. दिवाळीनंतर भाऊसाहेबांनी शब्द पाळला. काचेच्या छपराखाली पोत्यांच्या थप्प्या लागल्या, आणि छपराचा पहिल्यांदा काही उपयोग झाला: तूर छान वाळायची. मी पुण्याला परतलो. मित्रांना सांगितलं, तिथलं मार्केटच तयार नव्हतं. त्यांना ते पटलं, कारण तेही पुण्याचेच होते.

गेल्या महिन्यात एका कामासाठी अकोल्याला जाणं झालं. खंडारे अजून गोदामाच्या गेटवर होते. विमलताईंचा पत्ता त्यांनीच सांगितला, तोही बरेच आढेवेढे घेऊन. गावाबाहेर एक प्रदर्शन केंद्र बांधून पडलं आहे. त्यात अजून एकही प्रदर्शन भरलेलं नाही. मोठमोठी दालनं, दोन्ही बाजूंना दारं, माणूस नाही. तळाशी एका कोपऱ्यात ठेला होता. वर पाटी होती: 'मोबाइल दुरुस्ती'.

रविवार होता. लांबच्या टेबलावर काही माणसं बसली होती, त्यांची पाठ दाराकडे. विमलताई थकल्या होत्या, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा दिला. पोहे दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि रविवारांच्या चौकटींत चित्रं होती. मी न पाहण्याचा प्रयत्न केला आणि पाहिलं. बोरं होती, पतंग होता, घंटा होती.

चहा संपला तरी मला उठवेना. बारा वर्षं जे विचारायचं होतं ते विचारल्याशिवाय मी जाणार नव्हतो.

"ताई, त्या छत्रीचं काय झालं? जमलं का तिचं पुढे?"

विमलताईंनी माझ्यासमोरची कपबशी उचलली. दुसऱ्या हाताने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि भिंतीकडे तोंड करून परत लावलं.

"कोनती छत्री, साहेब?" त्या म्हणाल्या.